डेव्ह आर्नेसन: खोक्यावरचे दुसरे नाव

प्रश्न असा आहे की, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७४ सालच्या पहिल्या खोक्यावर गायगॅक्स आणि आर्नेसन अशी दोन नावे छापलेली असताना या खेळाचे जनक म्हणून बहुतेक वेळा एकट्या गॅरी गायगॅक्स यांचेच नाव का घेतले जाते, डेव्ह आर्नेसन यांनी नेमके काय केले होते, आणि ज्याला त्यांच्या पद्धतीने आज खेळून पाहायचे आहे त्याने सुरुवात कुठून करावी. मी बरीच वर्षे टेबलाच्या सूत्रधाराच्या, म्हणजे डीएमच्या, भूमिकेत हा खेळ चालवत आलो आहे. त्यामुळे माझे उत्तर पुस्तकापेक्षा टेबलाच्या बाजूने झुकलेले असेल, हे वाचकांनी गृहीत धरावे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचे एक काल्पनिक पात्र असते, आणि डंजन मास्टर म्हणजेच डीएम त्या पात्रांच्या समोर काय आहे ते सांगतो. खेळाडू आपले पात्र काय करणार ते तोंडी सांगतात. जिथे निकाल काहीही लागू शकतो तिथे फासे टाकले जातात, आणि पात्र जगले तर पुढच्या बैठकीत त्याची गोष्ट तिथूनच पुढे चालू होते. हे सगळे घटक एकत्र असलेला खेळ १९७४ पूर्वी कोणत्याही दुकानात विकत मिळत नव्हता.

डेव्हिड लान्स आर्नेसन यांचा जन्म १ ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. शाळकरी वयात आईवडिलांनी त्यांना अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीचा गेटिसबर्गच्या लढाईवरचा पटावरचा खेळ आणून दिला आणि युद्धखेळांचा नाद लागला तो कायमचा. पुढे मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी इतिहासाचा अभ्यास केला. मिनिअ‍ॅपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत त्या काळी युद्धखेळ खेळणाऱ्या तरुणांचे एक मंडळ होते. नेपोलियनच्या काळातील लढाया, शिडाच्या जहाजांची आरमारी युद्धे आणि अमेरिकी यादवी युद्ध हे त्यांचे आवडीचे विषय, आणि आर्नेसन यांचा ओढा विशेषकरून जहाजांकडे होता. ही आरमारी आवड पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडली.

या मंडळातील डेव्हिड वेझली यांचा उल्लेख टाळून आर्नेसन यांच्याविषयी काहीच नीट सांगता येत नाही. वेझली यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार्ल्स टॉटन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याचे १८८० सालचे युद्धखेळावरील पुस्तक सापडले. लष्करी प्रशिक्षणासाठी लिहिलेल्या त्या पुस्तकात तटस्थ पंचाला मोठे स्थान होते. खेळाडूने कोणतीही हालचाल करावी, मग ती नियमांत लिहिलेली असो वा नसो, आणि तिचा परिणाम पंचाने ठरवावा, अशी ती रीत. १९६९ साली वेझली यांनी ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव रचले. नेपोलियनच्या काळातील लढाई त्या गावाजवळ होणार होती, पण लढाईच्या आधी गावात काय घडते ते खेळण्यासाठी त्यांनी काही खेळाडूंना सेनापती न करता महापौर, पेढीचा मालक, विद्यापीठाचा प्रमुख अशा भूमिका दिल्या आणि प्रत्येकाला वेगवेगळे हेतू ठरवून दिले.

बैठक सुरू होताच वेझली यांचे नियोजन कोलमडले. खेळाडू आपल्या पाळीची वाट न पाहता कोपऱ्यांत जाऊन एकमेकांशी खलबते करू लागले. दोघांनी परस्परांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, आणि द्वंद्वाचे नियमच नसल्यामुळे वेझली यांना ते जागच्या जागी ठरवावे लागले. लढाई तर झालीच नाही. आपला प्रयोग फसला असे वेझली यांचे मत झाले आणि खेळाडूंनी मात्र असाच खेळ पुन्हा ठेवा म्हणून त्यांच्यामागे लकडा लावला. पुढच्या प्रयोगांपैकी एक दक्षिण अमेरिकेतील एका काल्पनिक, सतत बंडे होणाऱ्या देशात घडतो. त्यात आर्नेसन यांना शांततावादी क्रांतिकारक विद्यार्थ्याची भूमिका मिळाली होती आणि पत्रके वाटल्याबद्दल त्यांना गुण मिळणार होते. आर्नेसन घरून सीआयएचे खोटे ओळखपत्र तयार करून घेऊन आले, आपण खरे तर गुप्तहेर आहोत अशी इतरांची खात्री पटवली, आणि खेळ संपताना ते देशाचा खजिना घेऊन हेलिकॉप्टरमधून निघून चालले होते. जाता जाता उरलेली पत्रके शहरावर टाकत, म्हणजे त्याचेही गुण पदरात पाडून घेत. नियमपुस्तकात यांतले काहीही नव्हते. खेळाडू म्हणून आर्नेसन काय होते हे मला कोणी विचारले तर मी हा एकच प्रसंग सांगतो.

वेझली लष्करी सेवेसाठी निघून गेल्यावर असे खेळ चालवण्याची जबाबदारी इतरांवर आली. आर्नेसन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, एका शनिवार-रविवारी त्यांनी दूरचित्रवाणीवर ओळीने राक्षसपट पाहिले, कोनन या योद्ध्याच्या कथा वाचल्या, आणि मक्याच्या लाह्या खात आलेखाच्या कागदावर भुयारांचे नकाशे रेखाटले. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी मंडळाच्या वार्तापत्रातून मध्ययुगीन ब्राउनश्टाइनचे, म्हणजे तशाच भूमिकांच्या खेळाचे, आमंत्रण दिले. नेपोलियनच्या काळातील लढायांची सवय असलेल्या मित्रांना टेबलावर प्लॅस्टिकच्या जोडणी-संचातून उभारलेला एक किल्ला दिसला. ते ब्लॅकमूर.

ब्लॅकमूरमध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या आणि त्या एकत्र येणे हेच आर्नेसन यांचे कर्तृत्व होय, असे माझे मत आहे. पहिली, खेळाडूचे पात्र बैठकीगणिक पुढे जात राहिले, वाढत गेले, श्रीमंत झाले, शत्रू जोडत गेले. दुसरी, किल्ल्याखालच्या भुयारात उतरणे. खुल्या प्रदेशात खेळाडू हवे तिकडे जाऊ शकतात आणि डीएमची तारांबळ उडते. भुयारात दरवाजे मोजके असतात, पण कोणता उघडायचा हे मात्र खेळाडूच ठरवतात. डीएमच्या तयारीचा प्रश्न इतक्या साध्या रीतीने सोडवलेला मी दुसरा कुठे पाहिलेला नाही. तिसरी, पंचाचा अधिकार. आर्नेसन आपले नियम एका वहीत ठेवत आणि ते सतत बदलत असत; खेळाडूंना त्यांपैकी फार थोडे माहीत असत. खेळाडूने काय करायचे ते सांगायचे, आर्नेसन फासे टाकून किंवा न टाकता काय घडले ते सांगणार. खेळाडूला सोंगट्यांचा किंवा तक्त्यांचा विचार करावाच लागत नसे. त्याला फक्त अंधाऱ्या बोळाचा विचार करावा लागे.

नियमांच्या बाबतीत त्यांनी केलेली उसनवारी मोठी मनोरंजक आहे. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे चेनमेल हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रसिद्ध झाले होते आणि त्याच्या शेवटी ड्रॅगन, जादूगार वगैरेंची पुरवणी होती. आर्नेसन यांनी सुरुवातीला ते वापरले. पण चेनमेल हे सैन्यांचे नियम. त्यात फाशांचा निकाल विरुद्ध गेला की सैनिक पडला, विषय संपला. सैन्यातला एक शिपाई गेल्याचे कोणाला दुःख नसते, मात्र ज्या पात्राला नाव दिले, ज्याच्यासाठी तलवार मिळवली, ते पहिल्याच घावात गेलेले खेळाडूंना चालेना. आर्नेसन यांच्याकडे यादवी युद्धातील चिलखती जहाजांसाठी केलेले नियम होते. जहाज एका गोळ्यात बुडत नाही. ते किती मारा सोसू शकते याचा आकडा असतो, आणि चिलखताची जाडी जितकी जास्त तितका गोळा आत शिरणे अवघड. ही दोन्ही तत्त्वे त्यांनी माणसांना लावली. हिट पॉइंट आणि आर्मर क्लास तिथून आले, असे त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितले आहे. आज मोबाईलवरच्या कोणत्याही लढाईच्या खेळात डोक्यावर जी हिरवी-लाल पट्टी कमी होत जाते तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातील जहाजांच्या खेळात आहे, हे खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

धर्मगुरूचा म्हणजे क्लेरिकचा वर्गही, म्हणजे पात्राचा तो प्रकारही, असाच टेबलावरच्या अडचणीतून जन्माला आला. ब्लॅकमूरमधील एका खेळाडूचे पात्र व्हॅम्पायर झाले आणि इतके बलवान होत गेले की बाकीच्यांना ते आवरेना. तेव्हा माइक कार यांच्या धर्मगुरू पात्राला पिशाच्चांविरुद्ध खास सामर्थ्य देण्यात आले. समतोल साधण्यासाठी केलेला हा तात्पुरता उपाय गेली पन्नास वर्षे प्रत्येक आवृत्तीत टिकून आहे.

आर्नेसन आणि गायगॅक्स यांची ओळख ऑगस्ट १९६९ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे भरलेल्या दुसऱ्या जेन कॉन या युद्धखेळांच्या मेळाव्यात झाली होती आणि माइक कार यांच्यासह दोघांनी मिळून शिडाच्या जहाजांच्या लढायांचे एक नियमपुस्तकही केले होते. १९७२ च्या उत्तरार्धात आर्नेसन आणि त्यांचे सहकारी डेव्हिड मेगरी मोटारीने लेक जिनिव्हाला गेले. मेगरी यांच्यासोबत भुयारांवर आधारलेला त्यांचा पटावरचा खेळ होता, आणि आर्नेसन यांनी गायगॅक्स व त्यांच्या मंडळींना ब्लॅकमूरच्या भुयारात फिरवून आणले. त्या एका बैठकीनंतर गायगॅक्स यांनी नियम मागितले. आर्नेसन यांच्याकडून आली ती साधारण वीस पानांची टिपणे, तीही त्रोटक. गायगॅक्स यांनी त्यावरून प्रथम सुमारे पन्नास पानांचा मसुदा टंकलिखित केला, आपल्या ग्रेहॉक या बैठकीगणिक चालणाऱ्या खेळात तो कसाला लावला, आणि मग तो वाढवून सुमारे दीडशे पानांचा केला.

इथे गायगॅक्स यांना न्याय द्यायलाच हवा. विमा कंपनीतील नोकरी गेलेली, पाच मुलांचा संसार, घरच्या तळघरात बूट-चपला दुरुस्तीचे काम, आणि त्या परिस्थितीत त्यांनी मंत्र, राक्षस, खजिना यांच्या याद्या सिद्ध केल्या, नियमांना क्रम दिला, आणि प्रकाशक मिळेना तेव्हा ऑक्टोबर १९७३ मध्ये डॉन के यांच्यासह टीएसआर ही संस्था काढली. ब्रायन ब्लूम यांनी भांडवल घातल्यावर जानेवारी १९७४ मध्ये लाकडी नक्षीच्या कागदाचे, तीन पुस्तिकांचे, १० डॉलर किमतीचे ते खोके बाजारात आले. पहिली छपाई फक्त १००० प्रतींची होती. गायगॅक्स नसते तर ब्लॅकमूर ही जोडशहरांतील काही मित्रांची आठवण होऊन राहिली असती, याविषयी मला शंका नाही. आर्नेसन यांच्या हातून ते पुस्तक होणे शक्य नव्हते. १९७५ साली ब्लॅकमूरच्याच नावाने आलेल्या पुरवणीचे संपादक टिम कास्क यांनी नंतर सांगितले आहे की त्यांच्या हाती आलेली कागदपत्रे अतिशय विस्कळीत होती. तरीही त्याच पुरवणीत बेडूकपंथाच्या दलदलीतील मंदिराची मोहीम, म्हणजे डीएमला टेबलावर चालवता येईल असा लिहून तयार केलेला प्रसंग, आहे. या प्रकारच्या खेळासाठी छापली गेलेली पहिली तयार मोहीम म्हणून तिला मान आहे, आणि तिच्यात मुख्य पुजारी हा दुसऱ्या जगातून आलेला, यंत्रे बाळगणारा निघतो. तलवारींच्या जगात असे विज्ञान घुसवणे ही आर्नेसन यांची जुनी खोड होती.

पुढे दोघांत मतभेद झाले, त्याचे कारण या दोन स्वभावांत आहे. छापून आलेले नियम आपण खेळत होतो तसे नाहीत, ही आर्नेसन यांची तक्रार होती. १९७६ मध्ये ते टीएसआरमध्ये नोकरीला लागले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर पडले. १९७७ पासून टीएसआरने अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स ही नवी मालिका आणली. तिच्या पुस्तकांवर लेखक म्हणून फक्त गायगॅक्स यांचे नाव होते, आणि हा वेगळाच खेळ असल्यामुळे आर्नेसन यांना त्यावर रॉयल्टी लागू होत नाही अशी कंपनीची भूमिका होती. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला. मार्च १९८१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि दोघांना सहनिर्माते म्हणायचे ठरले. खेळाचे साधे आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन समांतर संसार वर्षानुवर्षे का चालले, असे नवे खेळाडू विचारतात. त्यामागची इतर कारणे मान्य केली तरी या वादाचा त्यात वाटा होता. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळप्रकाशक कंपनीने टीएसआर विकत घेतली, तिचे प्रमुख पीटर अ‍ॅडकिसन यांनी आर्नेसन यांच्याशी आर्थिक व्यवहार मिटवला, आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नावातून अ‍ॅडव्हान्स्ड हा शब्द गेला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नाव एकाचेच का राहिले? गायगॅक्स यांचे काम पानांवर आहे, आणि पान मोजता येते, उद्धृत करता येते, न्यायालयात दाखवता येते. आर्नेसन यांचे काम हे चालवण्याची रीत आहे. बंदिश वहीत उतरवून घेता येते. गायकी समोर बसूनच घ्यावी लागते. त्यातच गायगॅक्स हे कंपनीचे मालक, नियतकालिकातील स्तंभलेखक आणि मेळाव्यांतील बोलके व्यक्तिमत्त्व होते, तर आर्नेसन स्वभावाने मवाळ, आणि वादाच्या काळात कायदेशीर कारणांमुळे बरेचदा गप्प. अलीकडे काही उत्साही मंडळी उलट टोकाला जाऊन गायगॅक्स यांना केवळ टंकलेखक ठरवतात, तेही मला मान्य नाही. दीडशे पाने लिहिणे म्हणजे काय असते हे दहा पानांची मोहीम स्वतः लिहून पाहिलेल्या माणसाला विचारावे.

१९७७ मध्ये जजेस गिल्ड या प्रकाशनाने आर्नेसन यांची ब्लॅकमूरची टिपणे पुस्तकरूपाने काढली. पुस्तक वाचायला अवघड आहे. सैन्यभरतीचे दर, घराण्यांची भांडणे आणि भुयारांतील रहिवाशांच्या याद्या एकापाठोपाठ एक येतात. पण त्यात एक नियम असा आहे की ज्यासाठी मी ते पुन्हा पुन्हा उघडतो. पात्राला अनुभवाचे गुण केवळ सोने सापडल्याने मिळत नाहीत; ते सोने त्याने आपल्या आवडीवर उडवले पाहिजे. कोणाची आवड मद्य आणि गाणेबजावणे, कोणाची धर्मकार्य, कोणाचा एखादा छंद. याचा परिणाम टेबलावर लगेच दिसतो. एरवी प्रत्येक पात्र नाणी साठवत बसते. नियम साठवणुकीला बक्षीस देत असेल तर खेळाडू साठवतात. आर्नेसन यांचा नियम लावला की मोहिमेहून परतलेला योद्धा गावजेवण घालतो, देऊळ बांधायला घेतो, कफल्लक होतो, आणि पुढच्या मोहिमेला निघण्याचे कारण डीएमला शोधावे लागत नाही.

नंतरच्या आयुष्याविषयी थोडेच सांगतो. रिचर्ड स्नायडर यांच्यासह त्यांनी १९७९ मध्ये स्वतःचा दुसरा खेळ काढला, काही काळ स्वतःची कंपनी चालवली, आणि १९८६-८७ मध्ये टीएसआरकडूनच डेव्हिड रिची यांच्यासह ब्लॅकमूरवरच्या चारांपैकी पहिल्या तीन मोहिमा प्रसिद्ध केल्या; चौथी एकट्या रिची यांची. त्यांतील कोणत्याही कामाला पहिल्याची उंची आली नाही. १९९९ पासून २००८ पर्यंत ते फ्लोरिडातील फुल सेल या संस्थेत खेळरचना शिकवत होते आणि विद्यार्थ्यांकडून नियम काटेकोरपणे लिहून घेत होते. ज्यांच्या टिपणांनी संपादकांना घाम फोडला त्यांनीच हा विषय शिकवावा याची गंमत आहेच, पण मला त्यात विसंगती दिसत नाही. न लिहिलेल्या नियमाची किंमत त्यांच्याइतकी कोणी मोजली नव्हती. कर्करोगाने ७ एप्रिल २००९ रोजी सेंट पॉल येथे त्यांचे निधन झाले. गायगॅक्स आदल्या वर्षी ४ मार्चला गेले होते.

शेवटचा भाग, सुरुवात कुठून करावी. जजेस गिल्डच्या १९७७ च्या पुस्तकापासून मुळीच करू नये. आधी एक ब्राउनश्टाइन चालवावे. त्यासाठी सहा-सात माणसे, एक गाव आणि एक टांगती आपत्ती पुरते: उद्या सकाळी सैन्य येणार आहे, किंवा धरण फुटायला आले आहे. प्रत्येकाला एका चिठ्ठीवर भूमिका आणि दोन हेतू लिहून द्यावेत, त्यांतला एक तरी दुसऱ्या कोणाच्या हेतूला छेद देणारा असावा. लढाईचे नियम तयार करू नयेत. खेळाडूंना खोलीबाहेर जाऊन बोलू द्यावे, आणि कोणी अचाट काही करायला निघाला तर नाही म्हणण्याऐवजी दोन फासे टाकून आकडा मोठा आला तर जमले, लहान आला तर फसले, इतक्यावर भागवावे. हे जमू लागले की १९७४ चे मूळ नियम घ्यावेत. ते आणि १९८६-८७ च्या ब्लॅकमूरच्या मोहिमा डिजिटल प्रतींच्या रूपात अधिकृतपणे विकत मिळतात. चारांपैकी बेडूकपंथाच्या मंदिराची मोहीम आधी घ्यावी. नियमपुस्तिका मात्र पहिल्या काही बैठकींत खेळाडूंच्या हाती देऊ नये, आणि पात्रांचे हिट पॉइंटदेखील डीएमने स्वतःजवळच लिहून ठेवावेत. खेळाडूला आकडा न सांगता, खांद्यातून रक्त वाहते आहे आणि ढाल उचलवत नाही, एवढेच सांगावे.